बाबांच्या सीडी आणि शेवटच्या काळातला पातळ डिस्कमन: घेण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठे चुकत असेन तर सांगा. वडिलांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. त्यांच्याकडे अडीचशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीय मैफिलींच्या. घरातला प्लेयर आता डिस्क वाचत नाही. एकजण २००४-०५ च्या सुमाराचा पातळ सोनी सीडी वॉकमन (आधी ज्याला डिस्कमन म्हणत तोच) विकतोय आणि त्याने गुणांची यादी दिली आहे: जी-प्रोटेक्शन, एमपी३, मेगा बास, शंभर तास बॅटरी. तुम्ही विचारताय की हा घ्यावा, की नव्वदच्या दशकातला जाडजूड डिस्कमन शोधावा? आणि अँटी-शॉकने, म्हणजे धक्का बसला तरी गाणं न अडखळण्याच्या सोयीने, आवाज बिघडतो हे खरं आहे का?

मी सांगलीत १९९७ पासून ऑडिओ दुरुस्तीचं काम करतो. या पातळ यंत्रांपैकी बरीच माझ्या टेबलावर उघडली गेली आहेत, नवीन असतानाही आणि आता वीस वर्षांची झाल्यावरही. त्या अनुभवावरून सांगतो: मॉडेल कोणतं हा तुमचा खरा प्रश्न नाही. समोर आहे तो नग बाबांच्या सीडी आज वाचतो का, आणि बाबांच्या हातांना तो चालवता येईल का, हे दोन प्रश्न खरे. स्टिकरवरच्या यादीतून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. तरी त्या यादीचा अर्थ नीट कळला तर काय महत्त्वाचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवता येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सोनीचा पहिला सुटसुटीत सीडी प्लेयर, डी-५०, १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये आला. घरात ठेवायचा पहिला सीडी प्लेयर येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. डी-५० ची जाडी चार सीडींच्या डब्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढी होती, पण बॅटरी त्याच्या अंगात नव्हती, ती वेगळ्या केसमध्ये जायची. वीस वर्षांनी तेच काम दोन सेलवर, बोटभर जाडीत होऊ लागलं. कोरियाच्या आयरिव्हरचा २००२ चा आयएमपी-३५० तर फक्त १६.७ मिलिमीटर जाड होता. सीडी स्वतः १.२ मिलिमीटरची, तिच्याखाली मोटर, भिंग, गिअर, बोर्ड आणि सेल. मी पहिल्यांदा तो उघडला तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

या फरकात मेमरी चिपचा मोठा हात होता. यादीतल्या चारपैकी तीन गोष्टी तिच्यावरच उभ्या आहेत, म्हणून थोडं गणित करू. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ४ मेगाबिटच्या चिपमध्ये असं तीन सेकंदांपेक्षा किंचित कमी संगीत मावतं, १६ मेगाबिटच्या चिपमध्ये बारा सेकंदांच्या जवळपास. नव्वदच्या दशकात डब्यावर आधी ‘३ सेकंद’ आणि मग ‘१० सेकंद’ असे आकडे दिसायचे, ते इथून आले. यंत्र सीडी दुप्पट वेगाने फिरवतं, डेटा मेमरीत भरतं आणि तुम्हाला ऐकवतं ते मेमरीतून. धक्क्याने लेझरचं भिंग सीडीवरच्या डेटाच्या ओळीवरून घसरलं तरी मेमरी रिकामी व्हायच्या आत ते पुन्हा जागेवर आलं, तर कानाला काहीच कळत नाही.

मग बाजारात ‘४० सेकंद’ आले. चिप तीच आणि वेळ चौपट, हे कसं? डेटा दाबून भरायला लागले म्हणून. साधारण चारास एक असं दाबलं की बारा सेकंदांच्या जागेत चाळीस-पंचेचाळीस सेकंद बसतात. ‘अँटी-शॉकने आवाज बिघडतो’ या बोलण्याचं मूळ हे आहे, आणि त्यात तथ्य आहे. दाबताना काहीतरी सोडावं लागतं. तंबोऱ्याचा झंकार, सतारीच्या तरफा, झांजेचा शेवटचा विरत जाणारा आवाज अशा बारीक ठिकाणी मला फरक जाणवतो. पेटी-तबल्यासह गायलेल्या नाट्यपदात, साध्या हेडफोनवर, बहुतेकांना जाणवत नाही. बऱ्याच यंत्रांत यासाठी खटका किंवा मेनूत पर्याय असतो, कमी सेकंद किंवा जास्त सेकंद. बाबा घरात खुर्चीत बसून ऐकणार असतील तर कमीवर ठेवा आणि विसरून जा. एसटीने प्रवास करताना जास्तीवर टाका, तिथे इंजिनाच्या घरघरीत तो सूक्ष्म फरक असाही ऐकू येणार नाही.

जी-प्रोटेक्शन ही थोडी वेगळी कल्पना. सोनीने ती १९९९ च्या सुमारास आणली. नुसती मेमरी वाढवण्यापेक्षा हरवलेली ओळ भिंगाने झटकन परत पकडावी, यावर तिचा भर होता. सीडीवरच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉन अंतर असतं, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत चाळीसएक ओळी बसतील. धक्क्याने भिंग भरकटल्यावर नेमक्या त्याच ओळीवर परत यायचं म्हणजे काय, याचा अंदाज करा. ही यंत्रं ते काम खरोखर चांगलं करतात. ती नवीन होती तेव्हा दुकानात गिऱ्हाईकासमोर मी हातात धरून हलवून दाखवायचो आणि गाणं अडखळायचं नाही. पण हे सारं भिंग, त्याची कॉइल आणि सर्व्हो सर्किट (भिंगाला ओळीवर धरून ठेवणारं) धडधाकट असेपर्यंत. वीस वर्षांनी स्टिकर तसाच राहतो, स्टिकरखालचं यंत्र तसं राहिलेलं असेलच असं नाही.

शंभर तास बॅटरीचंही असंच. तो आकडा साध्या सीडीचा क्वचितच असतो. दाबलेल्या फाइल्सची डिस्क लावली, आतले चपटे सेल आणि बाहेरून जोडायची सेलची डबी दोन्ही वापरली, की तेवढा दावा केलेला असतो. कारण पुन्हा मेमरीच. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्श्याइतका डेटा लागतो, म्हणजे त्याच १६ मेगाबिटमध्ये दोन मिनिटांहून जास्त गाणं मावतं. यंत्र काही सेकंद डिस्क फिरवून मेमरी भरतं आणि मोटर बंद करतं. एमपी३ ची डिस्क लावून यंत्र कानाजवळ धरा. घरर्र आवाज येतो, थांबतो, मग बराच वेळ शांतता, पुन्हा घरर्र. सर्वांत जास्त वीज खाते ती मोटर, ती बहुतेक वेळ झोपलेली असते. बाबांच्या छापील, म्हणजे कारखान्यात बनलेल्या सीडी लावल्यावर तेवढा आराम तिला मिळत नाही, त्यामुळे शंभर तासांची अपेक्षा ठेवू नका.

एमपी३ बद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या संग्रहात मैफिली आहेत. अडीचशे सीडींमधून निवडक दहा-बारा एका एमपी३ डिस्कवर घ्याव्यात असा मोह होईल. भावगीतांसाठी उत्तम. पण मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळे ट्रॅक असतात आणि मध्ये खंड नसतो. तबल्याची लय तशीच चालू असते, ट्रॅकचा आकडा फक्त बदलतो. छापील सीडी हे सलग वाजवते. एमपी३ डिस्कवर त्या काळातली बहुतेक यंत्रं दोन फाइल्सच्या मध्ये क्षणभर थांबतात. समेच्या तोंडावर तो खंड पडला की जाणकार श्रोत्याला ते फार टोचतं. अशा मैफिलींची साधी ऑडिओ सीडीच नक्कल करा, डिस्क-अॅट-वन्स पद्धतीने, म्हणजे अख्खी डिस्क एका दमात लिहून, मध्ये शून्य सेकंदांचा खंड ठेवून. आणि डिस्क फायनलाइज करा, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करा, नाहीतर यंत्र ‘नो डिस्क’ म्हणेल. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क वापरू नका. छापील सीडीवरून जेवढा प्रकाश परततो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच आरडब्ल्यूवरून परततो. म्हाताऱ्या लेझरला तो पुरत नाही.

मेगा बास, म्हणजे खालचे सूर वाढवणारं बटण, सोडून द्या. त्याचा उपयोग होता, कारण सोबत मिळणारे हेडफोन खालचे सूर फारसे देत नसत. शिवाय त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत हेडफोनच्या वाटेवर कपॅसिटर असायचा. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) हेडफोन धरले तर सुमारे ४५ हर्ट्झपासून खाली आवाज उतरायला लागतो. ३२ ओहमचे हेडफोन लावले तर तीच मर्यादा २३ हर्ट्झच्या आसपास जाते. म्हणजे बटण दाबण्यापेक्षा बाबांना ३२ ओहमचे, कानावर बसणारे, हलके हेडफोन घेऊन द्या. तबल्याचा डग्गा आपोआप भरदार लागेल. फार जास्त ओहमचे घेऊ नका, ही यंत्रं १६ ओहमवर सुमारे ५ मिलिवॅटच देतात. युरोपात विक्रीसाठी बनवलेल्या नगांमध्ये कानांच्या सुरक्षेसाठी आवाज आणखी खाली बांधलेला असतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तो अपुरा पडतो, त्यामुळे नग कुठून आला आहे हे विक्रेत्याला जरूर विचारा. मेनूत ‘एव्हीएलएस’ हा पर्याय चालू असला तरी आवाज एका पातळीपुढे जात नाही, तोही बघा.

आता बाबांच्या हातांकडे येतो. माझ्या मते तुमचा निर्णय इथे ठरायला हवा.

या पातळ यंत्रांत डिस्क बसते ती मधल्या खुंटीवर. खुंटीच्या कडेला तीन बारीक गोळ्या किंवा दाते असतात, स्प्रिंगने बाहेर आलेले. डिस्क मधोमध दाबली की ‘टक्’ आवाज होऊन बसते. घरातल्या मोठ्या प्लेयरमध्ये ट्रे बाहेर येतो, डिस्क नुसती ठेवायची, वरून चुंबकाची चकती धरते. इथे मात्र बसवायलाही जोर लागतो आणि काढायलाही. काढताना अंगठा खुंटीवर दाबून धरायचा आणि दोन बोटांनी कड उचलायची. नुसती कड धरून ओढली तर मोटरचा दांडा वाकतो किंवा डिस्कला मधल्या भोकाजवळ तडा जातो. माझ्याकडे येणाऱ्या वाकलेल्या दांड्यांमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. हात थोडे थरथरत असतील तर दुसरं भय असतं. भिंग अगदी उघड्यावर आहे, मुगाच्या दाण्याएवढं, आणि डिस्क काढताना बोट नेमकं तिथे जातं. एक ठसा पडला की यंत्र डिस्क वाचेनासं होतं.

म्हणून आधी एक प्रयोग करा. विक्रेत्याकडे बाबांनाच घेऊन जा. त्यांना एक सीडी द्या आणि काहीही न सांगता बसवू द्या, काढू द्या. जमलं तर पुढे बोलायचं. जमलं नाही तर यंत्र कितीही चांगलं असो, रोज कुणीतरी मदतीला लागेल, आणि मग ऐकणंच बंद पडेल. हे मी वयस्कर गिऱ्हाइकांच्या घरी पाहिलेलं आहे. यंत्र चालू स्थितीत कपाटात पडून असतं.

बटणांचंही तसंच. डी-५० सारख्या जुन्या यंत्रावर बटणं समोर, ठसठशीत, नावं लिहिलेली. शेवटच्या पिढीत झाकण स्वच्छ दिसावं म्हणून बटणं कडेला गेली, बारीक झाली, आणि बरंचसं काम वायरवरच्या रिमोटवर आलं. हा रिमोट तरुण माणसाला फार सोयीचा, यंत्र पिशवीत आणि काडीएवढा रिमोट सदऱ्याला. बाबांना तो आवडेल की नाही हे माणसावर अवलंबून आहे. पण रिमोट असेल तर तो चालतोच का हे तपासा. त्याची वायर प्लगजवळ तुटते आणि बदली रिमोट मिळणं कठीण.

आणि होल्डचा खटका. ‘बंद पडलाय’ म्हणून आलेली कितीतरी यंत्रं मी न उघडता परत दिली आहेत. खटका पोटाखाली किंवा कडेला असतो, पिशवीत ठेवताना सरकतो, आणि मग एकही बटण चालत नाही. मागच्या श्रावणात एक आजी कुपवाडहून रिक्षाने आल्या. यजमान गेल्यापासून यंत्र लागत नाही, म्हणाल्या. मी उलटं केलं, खटका सरकवला, प्ले दाबलं. डिस्क आतच होती. यंत्राला आधी थांबलेली जागा आठवत होती, रिझ्यूम चालू असल्यामुळे अंतऱ्याच्या मधूनच गाणं सुरू झालं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. यंत्र देताना मी त्या खटक्यावर सेलोटेपची पट्टी लावून दिली. तुम्हीही लावा.

बाबा आणि यंत्र यांचं जमलं, तर मग नगाची तपासणी. सोबत तीन डिस्क न्या: एक छापील, शक्यतो सत्तर मिनिटांपुढची, एक घरी लिहिलेली, आणि एक थोडे ओरखडे पडलेली. अडॅप्टर नको, ताजे सेल घालून तपासा. म्हाताऱ्या यंत्रांचे दोष सेलवर लवकर उघडे पडतात.

झाकण लावून प्ले दाबा आणि कान जवळ न्या. भिंग फोकस शोधत वर-खाली होतं तेव्हा अगदी हलका टिक-टिक आवाज येतो, मग डिस्क वेग घेते. चांगलं यंत्र पाचएक सेकंदांत ट्रॅकची संख्या दाखवतं. डिस्क सुरू होऊन थांबते, पुन्हा सुरू होते, असं दोन-तीनदा झालं तर लेझर थकलेला आहे, भिंगावर धूळ-बुरशी आहे किंवा मोटर आखडली आहे. यातली धूळ-बुरशी स्वस्तात जाते. आपल्याकडे पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राच्या भिंगावर धुरकट थर चढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून, न दाबता, गोल फिरवून पुसलं की पुष्कळदा काम होतं. मोटर आणि लेझर मात्र खर्चाचं आणि नशिबाचं काम. या पातळ यंत्रांचे पिकअप (लेझर आणि भिंगाचे जोडसंच) त्या त्या मॉडेलपुरते बनलेले असतात, आणि आज मिळतात ते बहुतेक दुसऱ्या यंत्रातून काढलेले.

मग सर्वांत शेवटच्या ट्रॅकवर उडी मारा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आत ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेरच्या कडेला सुमारे २००. बाहेर डिस्क सर्वांत जास्त डुलते, आणि भिंगाला तिथवर नेणाऱ्या गिअरचं ग्रीस सुकलं असेल तर तेही इथेच कळतं. पहिला ट्रॅक मधुर वाजवून दाखवणारे विक्रेते बरेच भेटतील. तुम्ही शेवटच्या ट्रॅकची शेवटची पाच मिनिटं ऐका, अँटी-शॉक कमीवर ठेवून. वाजत असताना यंत्र सावकाश तिरकं करा, मग उभं धरा. खुंटीत किंवा गिअरमध्ये ढिलाई असेल तर आवाज अडखळतो किंवा घासल्याचा आवाज येतो. शेवटी हेडफोनचा प्लग बोटांनी हळू फिरवा. एका बाजूचा आवाज जाऊन येत असेल तर जॅकचं सोल्डर सुटलं आहे. ते मी किंवा कुणीही अर्ध्या तासात करून देतो, त्यासाठी नग नाकारू नका.

सेलची जागा उघडून बघा. पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट-निळी पूड असेल तर सेल गळलेले आहेत. अल्कलाइन सेलची गळती असेल तर काडीला व्हिनेगर लावून निघते, नंतर अल्कोहोलने पुसायचं. पण ती बोर्डापर्यंत झिरपली असेल तर पुढे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा तुटत राहतात. चपट्या, च्युइंगगमच्या पट्टीसारख्या रिचार्जेबल सेलवर चालणारा नग असेल तर जुने सेल मेलेलेच असतात असं धरून चाला. मला विचाराल तर बाबांसाठी साधे एए पेन्सिल सेल लागणारंच यंत्र घ्या. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. मात्र बाजारचे साधे अल्कलाइन सेल घालून यंत्रातल्या चार्जिंगचा प्रयत्न कधीही करू नका. रिचार्जेबल वापरायचे तर बाहेरच्या चार्जरमध्ये भरून घाला.

अडॅप्टरबाबत मात्र हात जोडून सांगतो. सोनीची शेवटच्या काळातली बरीच यंत्रं ४.५ व्होल्टवर चालतात, जुन्या डिस्कमनना ९ व्होल्टही लागायचे. सॉकेटजवळ खूण असते, मधलं टोक धन की ऋण, ती वाचा. परदेशातून आलेल्या यंत्राचा अडॅप्टर १०० किंवा ११० व्होल्टचा असू शकतो, आपल्या २३० वर तो लावला की गेलाच, आणि कधी यंत्रालाही घेऊन जातो. दुसरी गोष्ट, रस्त्यावर मिळणारे खटक्याचे ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर. माझ्याकडे एक मुलगा आजोबांचं यंत्र घेऊन आला होता, त्या दिवशी सकाळपर्यंत चालू होतं. त्याच्या अडॅप्टरचा खटका ४.५ वर होता. मी मल्टिमीटर लावला तर भार नसताना ११ व्होल्ट दिसले. आतला पॉवर आयसी (वीज सांभाळणारी चिप) फुटला होता, त्यावर बारीक खड्डा पडला होता. ते यंत्र मी वाचवू शकलो नाही. नेमका ४.५ व्होल्ट देणारा रेग्युलेटेड अडॅप्टर मिळत नसेल तर सेलवरच चालवा.

जाडजूड, नव्वदच्या दशकातल्या डिस्कमनबद्दल तुम्ही विचारलंत. त्यांचं शरीर मजबूत असतं, बटणं मोठी, आणि बऱ्याच नगांत बाहेरच्या अॅम्प्लिफायर-स्पीकरला जोडण्यासाठी स्वतंत्र लाइन-आउट सॉकेट असतं. पातळ यंत्रांत पुढे हेडफोन आणि लाइन-आउट एकाच भोकात आले आणि मेनूतून निवड करावी लागते. बाबा प्लेयर मोठ्या स्पीकरला जोडणार असतील तर हा मुद्दा मोलाचा आहे. लाइन-आउटवरून आवाजाची पातळी ठरलेली मिळते आणि हेडफोनचा छोटा अॅम्प्लिफायर वाटेत येत नाही. पण आणखी दहा वर्षांचं वय ही या यंत्रांची मोठी अडचण. त्या काळात बोर्डावर बसवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात आणि खालचं तांबं खातात. ते सगळे बदलावे लागतात, मग सर्व्होचे बारीक प्रीसेट (जुळणीचे स्क्रू) पुन्हा जुळवावे लागतात. शेवटच्या पिढीत डिजिटल सर्व्हो स्वतःच जुळवून घेतो, उघडून फिरवायला प्रीसेट जवळजवळ नसतात. ज्याला दुरुस्तीची आवड आहे त्याने जुना घ्यावा. ज्याला गाणं ऐकायचं आहे त्याने शेवटच्या पिढीचा. रबरासारखा मऊ लेप असलेली यंत्रं मात्र हातात घेऊन पाहा. तो लेप या वयात चिकट होतो आणि बोटांना काळं लागतं. अल्कोहोलने खरवडून काढता येतो, पण सोबत छापलेली नावंही जातात.

तिसरा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. सीडीचे नवे छोटे प्लेयर आजही बनतात. चिनी कंपनी फिओने २०२४ मध्ये डीएम१३ आणला, त्याला ब्लूटूथही आहे. जुन्या पातळ सोनीसारखा तो नाजूक-देखणा नाही, जाड आहे. पण त्याचा लेझर नवीन आहे, आणि बाबांना वायर नको असेल तर हा विचार करण्याजोगा आहे. बजेटचा अंदाज तुम्हालाच असेल. डिस्क खुंटीवर दाबून बसवण्याचा प्रयोग मात्र तिथेही करावा लागेल.

बाबांच्या सीडींचीही थोडी काळजी घ्या. दोष यंत्राचा आहे असं समजून लोक येतात आणि डिस्कच खराब निघते. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला अॅल्युमिनियमचा थर गेला आहे. वरची, नाव छापलेली बाजू जास्त नाजूक असते, कारण अॅल्युमिनियम तिच्याखालीच, पातळ लाखेच्या आड असतं. तिच्यावर बॉलपेनने लिहू नका. खालच्या बाजूला मात्र एक मिलिमीटरहून जाड पॉलिकार्बोनेट आहे, तिथले हलके ओरखडे बरेचदा चालून जातात. ओळीच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग डेटा गेला तरी सीडीची चूक-दुरुस्ती तो पुरता भरून काढते. म्हणून पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल कधीच नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा ओळीबरोबर धावतो आणि ती मर्यादा सहज ओलांडतो.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा शेवटचा ट्रॅक कसा वाजला, आणि भिंगाचा आवाज टिक-टिक होता की खरखर, हे इथेच लिहून कळवा. खरखर असेल तर पैसे देण्याआधी थांबा. ती गिअरची आहे की मोटरची हे आवाजाच्या वर्णनावरून बऱ्यापैकी सांगता येतं. आणि यंत्र घेतलंत तर घरी येताच प्लेच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. चष्मा न लावताही बाबांना तो दिसेल.